सरकीची मेंढरं

गढीच्या मागच्या खिंडाराचे दगड अजून तुळतुळीत आहेत. दोन्ही अंगांनी, गुडघ्याच्या जरा वर, एक काळपट पट्टा उमटलेला आहे. त्यावरून हात फिरवला की तळवा ओशट होतो. गढीचा पुढचा दरवाजा कधीच गेला. फळ्या कुणाच्या तरी चुलीत गेल्या, खिळे कुणीतरी उपटून नेले. आता तिथून भरली बैलगाडी आत जाईल. तरी गावची मेंढरं अजून ह्या खिंडारातूनच आत जातात. पुढचं दार उघडं झालंय, हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही.

मी तळवा नाकाशी नेला. लोकर, लेंड्या, तापलेला दगड. आणि त्या सगळ्याच्या खाली जवारीच्या पिठाच्या आंबट खळीचा वास. खळ तिथं कुठून येणार? तो वास दगडाला नव्हता. मीच सोबत घेऊन आलो होतो.

बाहेर बोरीच्या सावलीला गफूर बसला होता. पाण्याचा लोटा त्यानं शेजारच्या धोंड्यावर ठेवला होता. गुडघ्यांनी दगा दिलाय म्हणतो, चढण चढला तेवढंच खूप.

"गेलास का आत?" त्यानं विचारलं.

"जातोय."

"मावतंय का बे बी. ए. त्या भोकात?"

मी बी. ए. आहे, हे गफूर मला साठीतही विसरू देत नाही. मलाही ते विसरायचं नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी स्वतःचं नाव लिहिलेलं नव्हतं. दादा, म्हणजे माझे वडील, मेंढरांच्या कानाला खाच पाडायचे, तेवढीच आमच्या घराण्याची लिपी. केजच्या अलीकडच्या ह्या गावातून पायी बीडला, बीडहून औरंगाबादला, तिथून हैदराबादच्या कॉलेजात गेलेला धनगराचा पहिला पोरगा मी. हे मी सांगतो आणि ताठ मानेनं सांगतो. फक्त त्या वाटेचा आरंभ कुठं झाला हे विचारलं की लोकांना शाळेचं नाव सांगतो. खिंडाराचं सांगत नाही.

*

निजामाचा अंमल होता. गावची शाळा चौथीपर्यंतची, शिकवणं उर्दूतून. गफूर आणि मी एकाच तरटावर बसायचो. त्याचे वडील, चांदचाचा, गावचा ताबूत बांधायचे. मोहरमच्या आधी दोन महिने त्यांच्या अंगणात कळकाच्या कामट्या भिजत पडलेल्या असायच्या, आणि चुलीवर खळीचं गाडगं रटरटायचं. रंगीत कागद, अभ्रकाचे तुकडे, सुतळी. मला ते अंगण म्हणजे दुसरी शाळाच होतं. पहिल्या शाळेत मार होता, इथं नव्हता.

लढाईचा खेळ आम्हाला कुणी शिकवला ते आठवत नाही. कोंडवाड्यामागं एक पडका ओटा होता. त्यावर कोंडवाड्याचंच मोडकं दार आडवं टाकून आम्ही रणांगण मांडायचो. डोंगर करायचे ते फाटक्या गोणपाटाचे. चिखलात बुडवून खड्यांवर पांघरलं की वाळताना त्याला आपोआप घड्या पडायच्या, हुबेहूब आमच्या बालाघाटासारख्या. नदी म्हणजे फुटक्या आरशाची किरच. खडक म्हणजे भाजक्या विटेची ढेकळं, वर चुलीतली राख. झाडं माझी. मेंढीच्या लोकरीचे पुंजके शेवग्याचा पाला वाटून त्या रसात बुडवायचे आणि तुराटीच्या काड्यांना डकवायचे. दोन दिवसांत हिरवा रंग पिवळा पडायचा. म्हणून आमच्या रणांगणावर कायम उन्हाळा असायचा. तसाही आमच्याकडं दुसरा ऋतू थोडा वेळच टिकतो.

फौज चिंचोक्यांची. त्याचे काळे, माझे दगडावर घासून पांढरे केलेले. चार चिंचोके मधोमध फोडून त्यांचे फासे. पांढरी बाजू किती वर आली तितकी बोटं शिपाई पुढं सरकवायचा. मध्ये नदी आली की एक डाव थांबायचं, डोंगर आला की दोन. वाकवलेल्या कामटीची तोफ, तिच्यातून उडवायला हरभरा. हरभरा लागला तो चिंचोका मेला. मेलेले चिंचोके खिशात खुळखुळायचे. घरी गेल्यावर माय ते भाजून खायला द्यायची. असे किती वीर मी पोटात घातले.

आणि मधोमध किल्ला. दुसरा किल्ला आम्ही बघितलाच नव्हता, म्हणून आमची गढीच. पांढऱ्या मातीत भुसा आणि कुटलेल्या लेंड्या मळून भिंती. बुरूज गाडग्याच्या फुटक्या गळ्यावर थापलेले. माती ओली असतानाच बाभळीच्या काट्यानं दगडांचे सांधे कोरायचे. हे कोरणं माझं. मेंढरांमागं हिंडताना त्या गढीचा दगड न दगड मी पाहिला होता. कुठल्या बुरुजाला पिंपळ फुटलाय, कुठं चुना निसटलाय, कुठं घुबड बसतं, सगळं मला पाठ. आत नारळाच्या करवंटीचा हौद, खऱ्या गढीत होता तसा, पायऱ्यांसकट.

आमचं एकाच गोष्टीवरून भांडण व्हायचं. मला किल्ला टिकवायचा होता. भिंतीला चुना घालू म्हणायचो, निदान सरस तरी. गफूर खळीवरच अडून बसायचा. चांदचाचांनी त्याला शिकवलं होतं, जे पाण्यात थंडं करायचं ते पाण्याला सुटेल असंच बांधावं. ताबूत दोन महिने बांधतात आणि एका दुपारी नदीच्या पाण्यात सोडतात, तिथं चुना कशाला?

"अरे, पण ह्यो ताबूत न्हाई ना," मी म्हणायचो.

"मला दुसरं बांधायला येत न्हाई," तो म्हणायचा. विषय तिथंच संपायचा, कारण खळ त्याच्या घरची. माझ्या मायकडं मागायची सोय नव्हती. एकदा मूठभर पीठ मागितलं तर म्हणाली, "खायाला न्हाई अन् भिताडाला कावून चारू?"

गढी नेहमी गफूर लढवायचा, चढाई माझी. पण नुसत्या चढाईनं गढी पडायची नाही, फासे किती जरी चांगले पडले तरी. म्हणून आम्ही एक कायदा केला. मागच्या भिंतीत खरं खिंडार होतं, तसंच आमच्या भिंतीतही ठेवायचं. सगळ्या लढाईत एकदाच मला तिथून शिपाई आत घालता येईल. ती वाट कोणती हे दिसावं म्हणून गफूरनं सरकी आणली. कापसाचा तंतू चिकटलेली सरकी पाहिली आहे? चार बोटांवरून बघितली तर थेट मेंढरू. सात सरक्या त्यानं एकामागं एक खळीनं चिकटवल्या. पहिली खिंडाराच्या आत गेलेली, शेवटची झुडपाआड.

"गढी माझी," तो म्हणाला, "वाट तुझी."

*

ती वाट खरोखर आमची होती. गढी जहागीरदारांची. ते हैदराबादेत राहायचे, इथं त्यांचे कारभारी. पुढच्या दरवाज्याला हाताएवढं कुलूप आणि एक पहारेकरी. आत बारमाही पाण्याचा हौद, बाहेर आम्ही. एरवी कुणाला त्याचं काही वाटायचं नाही. पण त्या साली संक्रांतीलाच विहिरीचा तळ दिसला. बाया वाटीनं पाणी खरवडून घागरीत भरायच्या. मेंढरं दिवसभर जिभा काढून उभी राहायची. कोकरं आईला लुचायची आणि कोरडी मागं सरायची. त्या कोकरांचं ओरडणं मला अजून ऐकू येतं. ते मोठं नसतं, बारीक असतं, आणि थांबत नाही.

दादा मेंढरं घेऊन दुपारी खिंडाराकडं जायचे. पहारेकरी भाकर खाऊन पुढच्या देवडीत आडवा झाला की तरवडाच्या झुडपामागं लावलेला बाभळीचा फास, म्हणजे काटेरी फांद्यांचा आडोसा, बाजूला करायचा, पुढच्या मेंढ्याच्या गळ्यातली घंटी मुठीत धरायची आणि त्याला आत घालायचं. मग बाकीची साठ मेंढरं आपसूक. आवाज म्हणाल तर फक्त लोकर दगडाला घासल्याचा. पाणी पाजून, फास परत लावून, लेंड्यासुद्धा झाडून दादा बाहेर यायचे. ही वाट आमच्या घराला ठाऊक आणि गफूरला. तिसऱ्याला नाही.

पण पाणी उतरत होतं. कारभाऱ्यांनी हौदाच्या पायरीवर चुन्याची रेघ मारली. आठ दिवसांनी पाणी रेघेच्या खाली वीतभर. चावडीसमोर उभं राहून त्यांनी सांगितलं, "उन्हानं येवढं आटत न्हाई. कुणीतरी पितंय. घावला तर मेंढरं कोंडवाड्यात अन् माणूस बीडच्या जेलात." दादा तिथंच घोंगडी पांघरून बसले होते. मान खाली घालून त्यांनी ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मेंढरं घेऊन पुन्हा गेले. दुसरं काय करणार होते?

*

अशात जहागीरदार साहेब गावाला यायचे ठरले. कितीतरी वर्षांनी. शाळेचे सदरसाहेब, म्हणजे हेडमास्तर, चार दिवस नुसते घामाघूम. पाहुण्याला दाखवायचं काय? शाळेत दाखवण्यासारखं होतं एक फळा आणि एक घड्याळ, तेही बंद. तशात एका सकाळी ते कोंडवाड्यामागून जात होते आणि आमचं रणांगण त्यांच्या नजरेला पडलं.

ते वाकले. बराच वेळ वाकलेलेच राहिले. आम्हाला वाटलं आता छडी. त्यांनी पुढच्या दरवाज्यावरचे माझे कोरलेले सांधे बोटानं चाचपले आणि म्हणाले, "या अल्ला. हे तर हुजूरांची गढीच हाय." मग माझ्याकडं बघून, "तू केलंस? मेंढक्याच्या?"

मी हो म्हणालो. गफूर शेजारी उभा होता, आणि मी एकट्यानं हो म्हणालो.

आठ माणसांनी ते दार खांद्यावर उचललं. चांदचाचा पुढं चालत, "आस्ते, आस्ते," म्हणत होते, जसा ताबूत निघालाय. वेशीपासून शाळेपर्यंत लोक बघायला उभे. माझी छाती फुगली होती. खिंडार, सरकी, दादा, ह्यातलं एकही तेव्हा माझ्या मनात नव्हतं. शाळेच्या खोलीत दार ठेवलं, वर चादर घातली, सदरसाहेबांनी कुलूप लावलं आणि किल्ली जानव्यासारखी गळ्यात घातली.

बाहेर आल्यावर गफूरनं माझं मनगट धरलं. "सरकी," तो एवढंच म्हणाला.

मी वळून शाळेच्या कुलपाकडं पाहिलं.

दोन दिवस हातात होते. पहिल्या दिवशी आम्ही सदरसाहेबांना म्हणालो, साहेब, मागची भिंत जरा नीट करायची राहिलीय. ते म्हणाले, हात लावलात तर हात मोडीन. दुसऱ्या दिवशी सुट्टीत पोरं बाहेर खेळत असताना गफूर माझ्या खांद्यावर चढला आणि खिडकीच्या गजातून लांब कामटी आत घातली. चादरीची एक कड त्यानं वर उचलली. मी खाली भिंतीला धरून उभा. 

"एक उडाली," तो पुटपुटला. "दोन. खळ लई घट बसलीय बे."

"खिंडार बुजव. मातीचा गोळा ढकल."

"गोळा आत पडला. हौदाकडं."

"बघ की नीट!"

"नीटच बघतोय. चार उडाल्या. तीन न्हाई निघत."

तेवढ्यात घंटा झाली. तीन मेंढरं राहिली आणि खिंडार उघडंच राहिलं.

घरी दादांना सांगायचं मी ठरवलं होतं. संध्याकाळी मेंढरांच्या वाड्याच्या काटेरी कुंपणाशी ते कोकराच्या तोंडात ओलं फडकं पिळत होते. मी जवळ जाऊन उभा राहिलो. ते म्हणाले, "काय रे?" मी म्हणालो, "काय न्हाई." सदरसाहेबांनी माझं नाव घेतलं, माझा किल्ला गावानं मिरवला, आणि त्याच किल्ल्यानं तुमची वाट उघडी केली, हे तोंडातून निघेना. सकाळी मी शाळेला निघालो तेव्हा दादा काठीला तेल चोळत होते. खुशीत होते.

"आज सगळा गाव साळंकडं. पहारेकरी बी जानार. मोकळं रान हाय," ते म्हणाले. "बारा वाजता घालतो मेंढरं. आज धाकधूक न्हाई, पोटभर पिऊ दे त्यांला."

तेव्हाही मी बोललो नाही.

*

बेस्तरवार. शाळेपुढं पाणी शिंपडलेलं. त्या साली ते पाणी कुठून आणलं कोण जाणे, लोक त्या ओल्या जमिनीकडंच बघत होते. अत्तर, घामेजलेल्या शेरवान्या, झेंडूच्या माळा. जहागीरदार साहेब मी समजत होतो तसे नव्हते. म्हातारे, बारीक, खोकणारे. हातात रुमाल. त्यांच्या मागं कारभारी. उंच, आणि नाकावर चष्मा.

आम्ही आधी गाणं म्हटलं. मग सदरसाहेबांनी चादर ओढली. सगळे "वाह" म्हणाले. माझं काम एवढंच होतं की लोट्यानं करवंटीच्या हौदात पाणी सोडायचं, म्हणजे पाहुणे टाळी वाजवतील. लोटा माझ्या हातात होता. गफूर माझ्या डाव्या बाजूला.

साहेब पुढच्या दरवाज्यापाशी वाकले आणि हसले. मग उजव्या बाजूला गेले. पिंपळ फुटलेला बुरूज बघून म्हणाले, "ये तो सच्ची है जी. ये झाड़ हम बचपन में देखे थे." आणि मग चालत चालत मागं गेले.

"हमारी गढ़ी हम पीछे से कभी देखेच नहीं," ते म्हणाले.

कुणीच पाहिलेली नव्हती. मागं निवडुंग, काटे आणि उतार. तिकडं फक्त मेंढरं जातात. आणि मी ती बाजू सगळ्या गावापुढं, दिवसाढवळ्या, दारावर मांडून ठेवली होती.

"और ये छोटा दरवाज़ा किधर का है?"

कारभारी पुढं झाले. "मागं दरवाजा न्हाई, हुजूर." त्यांनी चष्मा काढला. उपरण्यानं एक काच पुसली. मग दुसरी. मग चष्मा चढवला आणि कमरेत वाकले. त्यांचं बोट खिंडारापाशी आलं, तिथून सरकीवर. पहिली. दुसरी.

आणि वरून, गढीकडून, घंटी वाजली.

एकदाच. पाणी प्यायला मान खाली घालताना मेंढ्याच्या गळ्यातली घंटी दगडाला लागते तशी. गावात कुणाला त्या आवाजाचा अर्थ कळला नसता. मला कळला. आज दादांनी घंटी मुठीत धरली नव्हती. आज धाकधूक नव्हती ना.

"हे काय हाय बे?" कारभाऱ्यांनी मान वर करून मला विचारलं.

मला ठाऊक होतं काय करायचं. हातात पाणी होतं, पुढं खळीची भिंत होती. लोटा नुसता वाकडा करायचा. पण त्या भिंतीचा एकेक सांधा मी काट्यानं कोरला होता. साहेबांसोबत आलेली माणसं तिच्याकडं बघत होती. माझा हात हलला नाही. किती वेळ हलला नाही ते सांगता येत नाही. मला तो वेळ पुढच्या सगळ्या परीक्षांपेक्षा मोठा वाटतो.

गफूरनं माझ्या हातातला लोटा घेतला. हिसकावला नाही, घेतला, भरलेलं ताट घ्यावं तसा. आणि मागच्या भिंतीवर ओतला. धार बारीक नाही, हळूही नाही. अख्खा.

भिंत आधी गडद झाली. मग फुगली. मग खिंडार, सांधे, मधला बुरूज, सगळं एकदम खाली बसलं. चिखल दाराच्या कडेवरून साहेबांच्या जोड्यावर आला. "अरारा" असा एकच आवाज उठला. सदरसाहेबांनी गफूरच्या कानाखाली मारली तो आवाज त्यातच बुडाला.

"तडा गेलता तिथं," गफूर गालावर हात न नेता म्हणाला. "खळ पातळ झालती. ओल्या हातानं लिंपावं म्हनलं, तर लोटाच सांडला."

"तडा?" कारभारी म्हणाले.

"तडा, साहेब. भित माझ्या हातची हाय. त्याच्या हातची न्हाई."

कारभारी चिखलाकडं बघत राहिले. तिथं आता बघण्यासारखं काही नव्हतं. जहागीरदार साहेब मात्र वाकले, आणि दोन बोटांनी चिखलातून काहीतरी उचललं. एक सरकी. ओली, तंतू चिकटलेला. त्यांनी ती बोटांत फिरवली. वर गढीकडं पाहिलं. मग रुमालात ठेवली आणि रुमाल खिशात घातला. त्यांना काय कळलं, किती कळलं, मला माहीत नाही. पुढंही कधी कळलं नाही.

"बनाया कौन?" त्यांनी विचारलं.

सदरसाहेबांनी मला पुढं ढकललं.

"और गिराया कौन?"

गफूर आपण होऊन पुढं झाला.

साहेबांनी आम्हा दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं. बराच वेळ खोकले. मग माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "इसको बीड भेजो. पढ़ाओ." गफूरच्या डोक्यावर त्यांनी हात ठेवला नाही. ठेवला असता तर काय झालं असतं, हा विचार मी हैदराबादच्या वसतिगृहातल्या खाटेवर पुष्कळदा केला.

पाहुणे गेल्यावर सदरसाहेबांनी गफूरला चिंचेच्या ओल्या फोकानं मारलं. मी बाहेर उभा राहून ऐकलं. तो रडला नाही, हे माझ्या फार दिवस ध्यानात राहिलं. दुसऱ्या दिवसापासून तो शाळेत आला नाही. ते तरट माझ्या एकट्याला आलं.

त्या संध्याकाळी मेंढरं घराकडं आली ती पोटं डेरलेली, जड चालीनं. ओल्या लोकरीचा वास अंगणभर. कोकरं गप्प झोपली. दादा म्हणाले, "आज पोटभर प्याली बघ. देव हाय." मी म्हणालो, "हाय." दादा त्यानंतर वीस वर्षं जगले. त्यांना मी कधी सांगितलं नाही.

*

आता मी खिंडारातून आत आलोय. बसून, एक हात टेकून, धोतर सावरून, पण आलोय. आत हौद आहे. पाणी आहे, वर शेवाळ. तिसऱ्या पायरीवर चुन्याची रेघ अजून दिसते, खाली-वर कितीतरी रेघा, वेगवेगळ्या सालांच्या. शेवटी शेवटी मोजणाराही कंटाळला असावा, रेघा वाकड्या होत गेल्यात. निजाम गेले, जहागीरदारी गेली, कारभारी गेले. हौदाला त्याची खबर नाही.

भिंतीच्या पलीकडून गफूरचा आवाज आला. "पानी हाय का रे?"

"हाय."

"मग बस."

मी भिंतीला टेकून बसलो. तोही पलीकडं भिंतीला टेकला असावा, कारण आवाज अगदी कानाशी येत होता. समोरासमोर जे कधी विचारलं नाही ते मी तेव्हा विचारलं.

"गफूर, लोटा माझ्या हातात होता."

"व्हता की."

"मला का न्हाई ओतता आला?"

 बोरीत होले घुमत होते. तो म्हणाला, "तू बांधायला शिकलास माझ्या बापाकडून. बांधायला कुनी बी शिकवतंय. मोडायला घरात शिकावं लागतं. दर साली चांगला ताबूत पान्यात सोडलेला बघावा लागतो. त्यात तुझी काय चूक हाय?"

मला वाटलं होतं तो काहीतरी कडू बोलेल. ते मला सोपं गेलं असतं. मी म्हणालो, "शाळा सुटली तुझी."

"सुटली तर सुटली. गावाला ताबूत कुनी बांधला असता? तू?" आणि हसला. "तुझा आजून उभा राहिला असता. चुन्यातला."

मी खिंडारातून बाहेर आलो. येताना खांदे दोन्ही दगडांना घासले. सदरा काळा झाला, हातही. गफूरनं माझा हात ओढून नाकाशी नेला आणि डोळे मिटून वास घेतला.

"येवढा शिकला," तो म्हणाला, "तरी मेंढरूच हाय बे."

त्यानं धोंड्यावरचा लोटा उचलला आणि माझ्या हातांवर धरला, वाकडा केला नाही, नुसता धरला.

"धुवायचे?"

"नको," मी म्हणालो.

त्यानं लोटा माझ्या हातात दिला. भरलेला होता. खाली गावाच्या बाजूनं एक कळप वर येत होता, पुढच्या मेंढ्याची घंटी कुणीही मुठीत न धरता वाजत होती. मी बोरीच्या बुंध्यापाशी गेलो आणि लोटा वाकडा केला. धार बारीक नाही, हळूही नाही. अख्खा.